जमिनीच्या मालकीची नोंदणी : दोन हक्कदारांपैकी कोण टिकतो?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला बोलण्यासाठी दिलेला विषय वरकरणी वकिलांचा आहे आणि मी वकील नाही. पक्षाच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करणे हे माझे काम, आणि या विषयाशी माझा पहिला संबंध आला तो एका चुकीमुळे. भूमिविषयक एका ठरावाचे भाषांतर करताना इंग्रजीतील ‘टायटल’ या शब्दासाठी मी घाईघाईत ‘शीर्षक’ असा शब्द योजला होता. जमिनीचे शीर्षक! मुद्रिते तपासणाऱ्या ज्येष्ठ साथींनी तो खोडून समासात ‘मालकीहक्क’ असे लिहिले; मग थोडा विचार करून त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह घातले. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मला पुष्कळ उशिरा उमगला. आपल्याकडे विक्रीचा दस्त नोंदवला जातो, सारा कोणी भरायचा ते नोंदवले जाते, शेतात पीक कोणते उभे आहे तेही नोंदवले जाते. परंतु अमुक मनुष्य या जमिनीचा मालक आहे अशी सरकारने हमी दिलेली नोंदवही महाराष्ट्रात नाही, आणि देशाच्या बहुतेक भागांत नाही.

१९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक जे नोंदवतो तो दस्त असतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही हे ठरवणे हे त्याचे काम नव्हे. सातबाऱ्याचेही तेच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, पण केवळ विरुद्ध गोष्ट सिद्ध होईपर्यंत. फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. गावातला मनुष्य मात्र ‘माझ्या नावावर सातबारा आहे’ असे म्हणतो तेव्हा मालकीविषयीच बोलत असतो. गावाचा हा समज आणि कायद्याचा हा अर्थ यांच्यामधल्या फटीत सावकार, दलाल आणि वकील यांचा संसार पिढ्यानपिढ्या चालला आहे.

ही फट बुजवावी असे सरकारला वाटू लागले, त्यालाही आता बराच काळ लोटला. पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी १९८९ साली नियोजन मंडळाला अहवाल देऊन मालकीची हमी देणारी पद्धत सुचवली. २००८ मध्ये केंद्राने भूमिअभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्याचेही अंतिम उद्दिष्ट तेच होते. २०२० साली नीती आयोगाने राज्यांसाठी नमुना कायद्याचा मसुदा काढला. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा आहे असे समजूनच त्याकडे पाहिले पाहिजे. हमीची नोंदवही आली म्हणजे एकाच जमिनीवर हक्क सांगणाऱ्या दोघांपैकी कोण टिकेल आणि कोण जाईल?

एक साधे उदाहरण घेऊ. एका मालकाने सोमवारी आपली जमीन एकाला खरेदीखताने विकली आणि तो दस्त नोंदवण्यापूर्वीच मंगळवारी तीच जमीन दुसऱ्याला विकली. दुसरा हुशार, त्याने त्याच दिवशी नोंदणी करून घेतली. पहिल्याने महिन्याभराने, म्हणजे चार महिन्यांच्या मुदतीच्या आत, आपला दस्त नोंदवला. आपल्या कायद्याप्रमाणे जमीन कोणाची? पहिल्याची. नोंदणी कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नोंदवलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर करून दिला त्या दिवसापासून अमलात येतो, आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम ४८ म्हणते की आधीचा हक्क आधी. यात एक सरळ न्याय आहे. पण मंगळवारच्या खरेदीदाराने कार्यालयात जाऊन कितीही तपासणी केली असती तरी सोमवारचा दस्त त्याला दिसला नसता, हेही खरे आहे.

आता हेच दोघे ऑस्ट्रेलियात नेऊन बसवा. तेथे उत्तर उलटे येते. ज्याचे नाव नोंदवहीत आधी चढले तो मालक. पहिल्या व्यवहाराची त्याला नुसती कुणकुण होती म्हणून त्याचे नाव उतरत नाही. त्याने स्वतः लबाडी केली असे सिद्ध व्हावे लागते. पहिल्याने विकणाऱ्याच्या मागे लागून पैसे वसूल करावेत. जमीन त्याची नाही.

ही पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स याने आणली, म्हणून तिला टॉरेन्स पद्धत म्हणतात. हा गृहस्थ ॲडलेडच्या जकात खात्यात होता, आणि जहाजांच्या मालकीची नोंद जशी एका पुस्तकात ठेवतात तशी जमिनीची का ठेवू नये, अशी कल्पना आपल्याला सुचली असे तो सांगे. हॅम्बुर्गची नोंदणीपद्धत जाणणारा उल्रिख ह्युबे नावाचा जर्मन कायदेपंडित त्याच्या मदतीला होता. मात्र नाव टॉरेन्सचे झाले. इंग्रजी पद्धतीत मालकी सिद्ध करायची म्हणजे जुन्या दस्तांची साखळी कडीकडीने तपासायची, आणि एक कडी कच्ची निघाली की सगळी साखळी संशयित. टॉरेन्सने ती साखळीच तोडली. प्रत्येक नोंदीबरोबर मालकी नव्याने जन्मास येते, मागचे पाहायचे कारण नाही. पुढे थिओडोर रूऑफ या इंग्रज अधिकाऱ्याने या पद्धतीचे वर्णन आरसा, पडदा आणि विमा या तीन शब्दांत केले. नोंदवही हा जमिनीवरील हक्कांचा आरसा. तिच्यामागे काय होते त्यावर पडदा. आणि चुकीमुळे ज्याचा हक्क बुडाला त्याला सरकारी निधीतून भरपाई, हा विमा.

आपल्या वाचनाशी या टॉरेन्सचा एक धागा जुळतो. त्याचा बाप कर्नल टॉरेन्स हा अर्थशास्त्रज्ञ. ‘अतिरिक्त मूल्याच्या सिद्धांतां’त मार्क्सने त्याचा समाचार घेतला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापणाऱ्या आयुक्तमंडळाचा हा कर्नल अध्यक्ष होता, आणि ती वसाहत वेकफील्डच्या योजनेनुसार वसवली गेली. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाचे शेवटचे प्रकरण ज्यांनी वाचले आहे त्यांना वेकफील्ड आठवेल. वसाहतीत जमीन फुकट मिळाली तर मजूर मजूर राहत नाही, स्वतःचे शेत करतो; म्हणून जमिनीची किंमत मुद्दाम चढी ठेवावी, हे त्याचे तत्त्वज्ञान. जमीन ही विकाऊ वस्तू व्हावी म्हणून वसवलेल्या प्रदेशात जमीन मालासारखी हातोहात फिरवणारी नोंदवही तयार व्हावी, हा योगायोग नव्हे.

आणि आरशात जे दिसले नाही त्याचे काय? १८३६ साली इंग्लंडच्या राजाने या वसाहतीसाठी जी सनद दिली तीत मूळ रहिवाशांचा, ते ज्या जमिनी प्रत्यक्ष वापरतात त्यांवरील हक्क अबाधित राहील असे लिहिले होते. नोंदवहीत मात्र त्यांच्यासाठी पान नव्हते. राजसत्तेने दिलेल्या सनदेपासूनच पहिली नोंद सुरू होई आणि त्याआधीच्या हजारो वर्षांवर पडदा पडे. १९९२ साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मूलनिवासींचा भूमिहक्क मान्य केला, परंतु जेथे पूर्ण मालकीची सनद देऊन झाली होती तेथे तो हक्क नष्ट झाला असेच धरले गेले. आपल्याकडे आदिवासींच्या वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्याखालचे दावे अनेक ठिकाणी अजून निकाली निघालेले नाहीत. अशा वेळी हमीची नोंदवही आधी लिहून काढणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

मी येथे एका खटल्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण तो वाचताना मला आपल्याच एखाद्या तालुक्यातली हकीकत वाचत असल्यासारखे वाटले. क्वीन्सलँडमधल्या एका जोडप्याने कर्ज काढले. तारण म्हणून त्यांनी हस्तांतरणाच्या अर्जावर सही करून दिली, आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवली. मालकीचे प्रमाणपत्रही सावकाराच्या हवाली केले. कोऱ्या कागदावरची सही, साथींनो. आपल्याकडे अंगठा असतो एवढाच फरक. सावकाराने कोऱ्या जागी आपल्या नातवाचे नाव घातले आणि नोंदणी करून टाकली. नातवाने ती जमीन एका कंपनीला विकण्याचा करार केला. कंपनीला यातले काही ठाऊक नव्हते. कंपनीचे नाव चढण्यापूर्वी जोडप्याला हे कळले आणि त्यांनी कॅव्हेट, म्हणजे हरकतीची आगाऊ सूचना, दाखल केली.

१९७१ साली या प्रकरणी उच्च न्यायालयाने निकाल दिला. स्थानिक कायद्याप्रमाणे कोऱ्या नावाचा अर्ज हा मुळातच रद्दबातल होता. तरीही, न्यायालय म्हणाले, एकदा नोंद झाली की नातू मालक झाला. त्याच्या बाजूने लबाडी असल्यामुळे जोडप्याला ती नोंद उलटवण्याचा हक्क होता, एवढेच. सरन्यायाधीश बार्विक यांनी या निकालात जो मुद्दा मांडला तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ करावा लागतो. त्याचा आशय असा, की ही पद्धत असलेल्या मालकीची नोंद करीत नाही, नोंदीतूनच मालकी उत्पन्न करते. माझ्या जुन्या समासातल्या प्रश्नचिन्हाचे उत्तर मला येथे मिळाले. मग उरले जोडपे आणि कंपनी, दोघांचीही नावे नोंदवहीत नाहीत आणि दोघेही लबाडीपासून दूर. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. कारण काय? कोरा कागद सही करून देऊन जोडप्यानेच लबाडाच्या हाती हत्यार दिले होते.

तर्काला धरून आहे, यात शंका नाही. परंतु गरजू माणूस कोऱ्या कागदावर सही का करतो, हा प्रश्न त्या तर्काच्या कक्षेत येत नाही.

याच्या चार वर्षे आधी, १९६७ साली, न्यूझीलंडचा एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला होता. नवराबायकोच्या संयुक्त नावावरचे घर. बायकोने नवऱ्याची खोटी सही करून ते गहाण टाकले. धनको प्रामाणिक होते. कर्ज फिटले नाही म्हणून त्यांनी घर विकले आणि घेणाराही प्रामाणिक होता. बनावट कागदावर उभी असूनही धनकोची नोंद टिकली आणि म्हणून खरेदीदाराचीही टिकली. नवऱ्याने काही केले नव्हते, त्याचे घर गेले. येथे नवरा बुडाला. आपल्याकडे कोण बुडेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. नोंद बहुधा पुरुषाच्या नावावर असते, आणि घरात राहणारी, शेतात राबणारी बाई कोणत्याच रकान्यात नसते.

मात्र यावरून हमीची नोंदणी म्हणजे सर्वत्र हेच, असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. खुद्द इंग्लंडच्या १९२५ च्या नोंदणी कायद्यात असे कलम होते की, जमिनीचा प्रत्यक्ष ताबा असलेल्याचे हक्क नोंदवहीत नसले तरी खरेदीदारावर बंधनकारक राहतील. १९८० साली एका खटल्यात घर एकट्या नवऱ्याच्या नावावर होते, बायकोने घर घेताना पैसे घातले होते आणि ती तेथे राहत होती. नवऱ्याने बँकेकडे घर गहाण टाकले. बँकेने घरात कोण राहते याची चौकशीच केली नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने बँकेविरुद्ध निकाल दिला. कोण राहते आहे हे डोळे उघडून पाहिले असते तर दिसले असते, ही त्यामागची भूमिका. २००२ च्या नव्या कायद्यात हे संरक्षण काहीसे आकसून का होईना, पण राहिले. तेव्हा पडदा किती जाड असावा, हे कायदा करणारे ठरवतात. ते कोणाचे ऐकून ठरवतात, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या कायद्यातही ताब्याला किंमत आहे, हे आपल्या अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ च्या स्पष्टीकरणानुसार जमीन घेणाऱ्याला, तिच्या प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाच्या हक्काची सूचना मिळालेली आहे असेच धरले जाते. १९४८ चा मुंबई कूळकायदा याहून पुढे गेला. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, जर तो मालकाच्या कुटुंबातला, पगारी नोकर किंवा ताबेगहाणदार नसेल, तर तो कूळ मानला जाईल असे कलम ४ सांगते. नाव चढले आहे की नाही हे तेथे विचारलेले नाही. पण मामलेदारापुढे सिद्ध कसे करायचे? पुन्हा पीकपाहणीच्या रकान्यातूनच! आणि तो रकाना कोणाच्या ओसरीवर बसून भरला जाई ते आपण जाणतो. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारा मालक झाला, असे कायदा म्हणतो. पण त्या दिवसापूर्वीच किती कुळे ‘राजीखुशीने’ जमीन सोडून गेली होती? वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ मध्येच प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कायदा लागू असतानाही मालकांनी जमिनी परत घेण्याचे आणि कुळे बदलण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर चालू होते असे दाखवून दिले होते. कायद्याने दिलेला हक्क नोंदीने काढून घेतला.

याच्या उलट बाजूने पश्चिम बंगालकडे पाहावे. तेथे १९७८ साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन बर्गा’ने कोणाला मालक केले नाही. बटाईने कसणाऱ्या बर्गादाराचे नाव नोंदवणे, एवढेच काम. ही कसणूक वारसाहक्काने पुढे चालण्याची तरतूद १९५५ च्या कायद्यातील दुरुस्त्यांनी आधीच करून ठेवली होती, आणि बी-खत-बैल मालकाने दिले नाहीत तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा कसणाऱ्याचा हेही ठरले होते. कागदावर होते, शेतात नव्हते. मग बदलले काय? पहिली गोष्ट, सिद्ध करण्याचा भार फिरवला: कसणारा हा बर्गादार आहे असे गृहीत धरायचे, नसल्यास मालकाने दाखवून द्यावे. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. महसूल अधिकारी कचेरीत न बसता गावात गेले, बर्गादारांच्या समूहाबरोबर संध्याकाळी बसले, दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन उघड्यावर पडताळणी केली. एकेकटा बर्गादार मालकासमोर तोंड उघडत नाही. दहाजण असले की उघडतो. किसान सभेची संघटना पाठीशी नसती तर हे झाले नसते. सुमारे १४ लाख बर्गादारांची नावे अशा रीतीने अभिलेखात गेली. मालकीच्या प्रश्नाला हात न लावता केलेली ही सुधारणा अपुरी आहे, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच गैर नव्हती. पण दोन विरोधी हक्कांमध्ये नोंद कोणाच्या बाजूने झुकावी, हे ठरवूनच ती केली गेली होती, हे टीकाकारांनीही मान्य करावे.

आता अलीकडचे. तेलंगणात २०२० साली नवा कायदा आणि ‘धरणी’ ही संगणकीय नोंदवही आली. पूर्वीच्या पहाणीत कसणाऱ्या अनुभवदाराचा जो रकाना असे तो तीतून गेला. मराठवाडा आणि तेलंगण या दोन्ही भागांत १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने संरक्षित कुळे निर्माण केली होती. १९४६ ते १९५१ या काळात ज्या भूमीवर कसणाऱ्यांनी रक्त सांडले, तेथेच कसणाऱ्याचा रकाना उडावा! याचा परिणाम केवळ भावनेचा नव्हता. २०१८ पासून ‘रयतु बंधू’ची एकरी मदत पट्टादाराला मिळे, खंडाने कसणाऱ्याला नाही. २०२५ मध्ये ‘धरणी’च्या जागी ‘भू भारती’चा कायदा आला.

आंध्र प्रदेशाने नीती आयोगाच्या मसुद्याच्या वाटेने जाऊन २०२२ चा मालकी-नोंदणी कायदा केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तो लागू केला. नोंदीला ठराविक मुदतीत हरकत आली नाही की ती निर्णायक. वाद दिवाणी न्यायालयात नेण्याचा मार्ग बंद. तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढे न्यायचा आणि तेथून फार तर उच्च न्यायालयात. वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला, २०२४ च्या निवडणुकीत हा कायदा प्रचाराचा मुद्दा झाला, आणि नव्या विधानसभेने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. दिवाणी न्यायालयांत खटले पिढ्यानपिढ्या कुजतात, हे खरेच आहे, आणि त्यांचा कळवळा येऊन मी बोलत नाही. पण मुंबईत हमाली करणारा कोकणातला सहहिस्सेदार, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, माहेरच्या जमिनीत वाटा असलेली बहीण यांच्यापर्यंत हरकतीची नोटीस मुदतीत पोचेल अशी व्यवस्था कोठे आहे? मुदत उलटली की मौन ही संमती ठरते, आणि मग त्यांच्यावर टॉरेन्सचा पडदा पडतो.

तेव्हा असा कायदा आपल्या राज्यात येईल तेव्हा आपण काय मागायचे, यावर चर्चा व्हावी. प्रत्यक्ष कसणाऱ्याचा आणि घरात राहणाऱ्या स्त्रीचा हक्क नोंद नसली तरी टिकला पाहिजे. पडताळणी चावडीवर, सर्वांसमक्ष झाली पाहिजे. भरपाईचा निधी कायद्यातच बांधून दिला पाहिजे, कारण विम्याशिवाय नुसता पडदा घालण्याचा मोह सरकारला होणारच. वनहक्काचे आणि कूळकायद्याचे दावे प्रलंबित असतील तेथे निर्णायक नोंद करू नये. माझ्या मते ही शेवटची मागणी सर्वांत आधीची आहे.

आणि कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या साथींनी सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचायची सवय लावावी; कूळ, बोजा, वाट-वहिवाट तेथे असते, आणि फेरफार करताना तेथली एखादी ओळ गळून पडली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. फेरफाराच्या नोटिशीला हरकत द्यायची तर लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, म्हणजे नोंद वादग्रस्त प्रकरणांत जाते. आणखी एक गोष्ट. जमिनीचा दावा चालू असताना प्रतिपक्षाने ती विकली तरी निकाल घेणाऱ्यावर बंधनकारक असतो, असे कलम ५२ सांगते. पण जुन्या मुंबई प्रांताने १९३९ साली केलेल्या दुरुस्तीमुळे महाराष्ट्रात आणि गुजरातेत हे संरक्षण दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच मिळते. ही नोंदणी न केल्यामुळे जिंकलेला दावा हातचा जाऊ शकतो. बडोद्याच्या साथींनाही हे लागू आहे. बेळगाव, इंदूर, हैदराबादच्या साथींनी आपापल्या राज्याची दुरुस्ती पाहून घ्यावी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या गावचे दोन उतारे बरोबर आणावेत, मग तो सातबारा असो, पहाणी असो की खसरा. एक स्वतःच्या ओळखीच्या कुळाचा असावा आणि दुसरा गावातल्या सर्वांत मोठ्या खातेदाराचा. आंध्रच्या रद्द झालेल्या कायद्यातील मुख्य कलमांचे भाषांतर मी करून आणीन, आणि ‘टायटल’ला मराठीत काय म्हणायचे तेही त्या दिवशी ठरवू.